पाठीवर न वितळणारा बर्फ

हिवाळ्यात आमच्याकडे येणारा पाहुणा, त्यातून तो थेट पुण्या-मुंबईहून आलेला असेल तर हमखास, स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाहेर बघतो आणि हातातला कप खाली ठेवतो. "अहो, ती घोडी बाहेरच उभी आहेत की!" बाहेर उणे वीस-बावीस अंश असतं. कुंपणापलीकडे दोन जनावरं वाऱ्याकडे पाठ करून, माना खाली घालून उभी असतात आणि त्यांच्या पाठीवर बोटभर बर्फ साचलेला असतो. आम्ही निर्दय आहोत असं पाहुण्याला वाटत असतं. आमचाच चहा पीत असल्यामुळे तो तसं बोलत नाही, एवढंच.

मी त्याला पाठीवरचा तो बर्फ नीट बघायला सांगते. तो वितळत नाहीये. अंगातली ऊब केसांतून बाहेर झिरपत असती तर बर्फाचं पाणी होऊन पाठ भिजली असती, आणि मग खरी धावपळ करायची वेळ आली असती. कोरडा, भुरभुरीत बर्फ तसाच बसून आहे म्हणजे घोड्याची ऊब घोड्यापाशीच आहे. पाहुणा मान हलवतो, पण त्याला पटलेलं नसतं. मलाही पहिल्या हिवाळ्यात पटलं नव्हतं.

आम्ही राहतो ते कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात, कॅल्गरीच्या नैर्ऋत्येला, जिथे सपाट प्रदेश संपून रॉकी पर्वताच्या पायथ्याच्या टेकड्या सुरू होतात. जमीन थोडीच, पण दोन घोड्यांपुरती आहे. थोरला बडी: क्वार्टर हॉर्स जातीचा, खच्ची केलेला, कुमैत रंगाचा, पंचविशी ओलांडलेला. तो घराबरोबरच आला. आधीचे मालक वय झालं म्हणून शहरातल्या फ्लॅटमध्ये राहायला गेले. या वयाच्या घोड्याला नवं घर मिळणं कठीण, तेव्हा "ठेवून घ्याल का?" असं त्यांनी घराच्या किल्ल्या देतानाच विचारलं. घोडा एकटा राहिला की झुरतो, म्हणून त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात रोझी आली. ती तरुण, अंगाने आडवी, कोणत्या जातीची ते तिचं तिलाच ठाऊक.

घोडा मला परका नव्हता. पंढरपुरात माझ्या आजोबांचा टांगा होता, स्टेशन ते देऊळ. आषाढी-कार्तिकीला घोड्याला आणि आजोबांना दोघांनाही उसंत नसायची. आमच्याकडची थंडी म्हणजे मार्गशीर्ष-पौषातली पहाट, फार तर बारा-तेरा अंशांची. पण तेवढ्यालाही आजोबा घोड्यावर गोणपाट टाकायचे, हरभऱ्याच्या चंदीत गुळाचा खडा वाढवायचे आणि स्वतः एक घोंगडं पांघरून खरारा करत बसायचे. घोड्याचं सगळं पोटात असतं, हे त्यांचं पालुपद. तोबरा रिकामा झाला का, लीद कशी पडली, पाणी किती प्यायला, याची विचारपूस घरातल्या माणसांच्या तब्येतीच्या आधी व्हायची. आजी त्यावरून जे काही बोलायची ते इथे लिहिण्यासारखं नाही.

त्यामुळे अल्बर्टातल्या पहिल्या हिवाळ्यात माझा हात आपोआप झुलीकडे गेला. शेजारच्या रँचवरच्या म्हाताऱ्या बाईंनी तो अडवला. सत्तरी उलटलेल्या, जन्मापासून घोड्यांत वाढलेल्या. त्या म्हणाल्या, तिच्या अंगावर बघ काय आहे ते आधी. मग त्यांनी रोझीच्या केसांत बोटं खुपसायला लावली. बोटं दुसऱ्या पेरापर्यंत आत गेली. वरचे केस बर्फाने कडक झालेले, आणि खाली कातडीपाशी इतकी ऊब की बोटं बाहेर काढावीशी वाटेनात.

हा केसांचा थर थंडी पडल्यावर उगवत नाही, ही गोष्ट मला तेव्हा नवीन होती. जूनमधला सर्वांत मोठा दिवस उलटला, उजेड आखडायला लागला, की घोड्याच्या शरीराला सूचना जाते. आपण ऑगस्टमध्ये घाम पुसत असतो तेव्हा त्याच्या कातडीखाली हिवाळ्याची तयारी सुरू झालेली असते. पुढे थंडी वाढली की प्रत्येक केस मुळाशी उभा राहतो आणि मधे हवा अडकते. पिंजलेल्या कापसाच्या दुलईत अडकते तशीच. त्यावर पातळ झूल घातली की हे उभे केस दाबले जातात, हवा निघून जाते, आणि घोडा झुलीशिवाय जेवढा उबदार असता तेवढाही राहत नाही. झूल घालायची तर चांगली जाड आणि पाणी आत न येऊ देणारी घाला, नाहीतर घालूच नका. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्याआधी घातली तर उरलेले केसही पुरते वाढत नाहीत, असंही इथले जाणकार सांगतात.

अंगावर हिवाळी केस असलेल्या, पोटभर खाणाऱ्या, कोरड्या घोड्याला थंडी कधी वाजायला लागते? अल्बर्टा विद्यापीठात १९८०च्या दशकात यावर काम झालं. इथल्या थंडीला सरावलेल्या प्रौढ घोड्यांना उणे पंधरा अंश सेल्सिअसपर्यंत अंग गरम ठेवायला जादा काहीच खर्च करावं लागत नाही, असं त्यातून दिसलं. उणे पंधरा! मी त्या तापमानात कचऱ्याचा डबा रस्त्यापर्यंत नेतानाही देवाचं नाव घेते. उलट पाऊस आणि वारा एकदम आले तर अधिक पाच अंशांतही घोडा कुडकुडतो. आपलं भय थंडीच्या आकड्याला असतं. घोड्याचं वैर ओल्याशी आणि वाऱ्याशी आहे.

त्याचे पाय बघा. गुडघ्याच्या खाली स्नायू जवळजवळ नाहीतच. हाडं, स्नायुबंध आणि कातडी. खुरात रक्तवाहिन्यांची अशी जोडणी असते की रक्त बारीक केशवाहिन्यांतून न नेता मधल्या वाटेने परत फिरवता येतं. म्हणून गुडघाभर बर्फात तासन्‌तास उभं राहूनही पाय गारठून बधिर होत नाहीत. आमच्या उत्तरेला संड्रे गावाच्या पश्चिमेकडच्या टेकड्यांत मोकाट घोड्यांचे कळप आहेत. लोक त्यांना लाडाने 'वाइल्डी' म्हणतात. ते पुढच्या पायाने बर्फ उकरून खालचं गवत खातात. त्यांना ना शेड, ना झूल. अर्थात सगळे तगत नाहीत, कडक हिवाळ्यात म्हातारे आणि शिंगरं जातात, हे लाडाने बोलणारे लोक सांगत नाहीत. सैबेरियात याकुतियातले घोडे तर उणे पन्नासच्या खाली उघड्यावर जगतात. त्यांच्या जनुकांचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा कळलं की त्यांनी ही करामत काही शतकांतच साधली आहे. याकूत लोक दक्षिणेकडून घोडे घेऊन तिथे गेले त्यानंतरची ही गोष्ट. आजोबांच्या घोड्याला तिथे नेलं असतं तर काय झालं असतं, असा विचार माझ्या मनात येऊन जातो. आजोबांनीच जाऊ दिलं नसतं.

पोटाबाबत आजोबांचं म्हणणं मात्र तंतोतंत खरं निघालं, फक्त गुळाच्या बाबतीत नाही. घोड्याची शेगडी त्याच्या मोठ्या आतड्यात असते. आतड्याच्या सुरुवातीला सुमारे तीस लिटरची एक पिशवी आहे. तिच्यात आणि पुढच्या भागात जंतू गवताचे तंतू आंबवत बसतात, आणि आंबवताना उष्णता निघते. दाण्याने अशी ऊब येत नाही; दाणे बरेचसे आधीच, लहान आतड्यात पचतात. म्हणून थंडीत वाढवायचं ते गवत. पाचशे किलोच्या घोड्याला एरवी दिवसाला आठ ते दहा किलो वाळलेलं गवत पुरतं. उणे पंधराच्या खाली दर अंशाला ढोबळमानाने दोन टक्के खाणं वाढवायचं, असा हिशोब. उणे अडतीसला म्हणजे जवळजवळ दीडपट. रात्री झोपण्यापूर्वी शेवटचा हारा जाळीत भरायचा, कारण सर्वांत गार वेळ पहाटेची, आणि तेव्हा पोट चालू असायला हवं. टिमोथी आणि ब्रोम गवत ऑगस्टमध्येच भरून ठेवावं लागतं. २०२१ आणि २०२३च्या दुष्काळात दक्षिण अल्बर्टात गवताचे भाव असे चढले की नवरा म्हणाला, आपणच खाणं कमी करू.

रोझीला गवत पडलं की काम संपलं. बडीचं तसं नाही. त्याच्या दाढा झिजून गुळगुळीत झाल्या आहेत. तो गवत तोंडात घेतो, बराच वेळ घोळवतो, आणि अर्धवट चावलेला बोळा खाली टाकतो. सकाळी त्याच्या जागेवर असे बोळे पडलेले दिसले की समजायचं, रात्री पोटात फारसं गेलेलं नाही. त्याच्यासाठी गवताच्या दाबलेल्या वड्या आणि शुगर बीटचा चोथा कोमट पाण्यात भिजवून द्यावा लागतो. चोथा आमच्याच प्रांतातला. टेबरला बीटपासून साखर करणारा कारखाना आहे. साखर कारखान्यांच्या मळीचा वास घेत वाढलेल्या मला हा योगायोग फार आवडतो. चोथा चांगला तास-दोन तास फुगू द्यायचा, त्यात चमचाभर मीठ टाकायचं. बादली दिसली की बडी दुरूनच फुरफुरायला लागतो आणि मग मिशांना चिकटलेला चोथा माझ्या कोटाला पुसतो.

आणि झूल? बडीला आहे. शेजारच्या बाईंचीच त्याला संमती होती. म्हाताऱ्या, रोड, दात गेलेल्या किंवा आजारी घोड्याला, आणि ज्याचे केस कापलेले आहेत त्याला, झूल लागते. तरण्या रोझीला नाही. एकाच कुंपणात एक घोडा कपड्यात आणि दुसरी उघडी, हे बघून आई व्हिडिओ कॉलवर दर वेळी म्हणते, "अगं, तिनेच काय पाप केलंय? मुकं जनावर आहे, त्याला सांगता येत नाही म्हणून..." आईला मी नॉर्वेतल्या घोड्यांची गोष्ट सांगितली. तिथल्या पशुवैद्यकीय संस्थेच्या संशोधकांनी २३ घोड्यांना तीन पाट्या ओळखायला शिकवलं: झूल घाला, झूल काढा, आहे तसंच असू द्या. घोड्याने नाकाने पाटीला स्पर्श करायचा. दोन आठवड्यांत सगळे शिकले. मग गार पाऊस आणि वारा असेल त्या दिवशी घोडे झूल मागू लागले आणि ऊन पडलं की काढायला सांगू लागले. हे २०१६ साली छापून आलं. आई म्हणाली, "मग तू का नाही शिकवत?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

उत्तर नसल्यामुळे हाताने विचारावं लागतं. झुलीची खरी मेख ही की ती अंगावर असताना खाली काय चाललंय ते दिसत नाही. रोझीचंही तसंच, हिवाळी केसांमुळे दोघंही गुबगुबीत दिसतात. डोळ्यांवर विश्वास ठेवला तर जनावर खंगून गेल्यावर वसंतात कळतं. म्हणून आठवड्यातून एकदा मी हातमोजा काढते, बडीच्या झुलीच्या खांद्याकडच्या पट्ट्याखालून हात आत सारते आणि बरगड्यांवरून मागे नेते. अलगद दाबलं की बरगडी लागली पाहिजे, पण बोट दोन बरगड्यांच्या मधे रुतता कामा नये. मग पाठीच्या कण्यावरून, शेपटीच्या मुळाशी, मानेच्या वरच्या कडेला. घोडा किती रोड किंवा किती लठ्ठ, याची एक ते नऊ अशी मोजपट्टी टेक्सासमध्ये १९८३ साली तयार झाली, तीच सगळीकडे चालते. पाचावर घोडा ठीक, चारच्या खाली जाऊ द्यायचा नाही. हात आत असताना दुसरी गोष्टही कळते. केस कोरडे आहेत का घामट? घामट असतील तर झूल जास्त झाली. उणे वीसला घाम आलेला घोडा हा उघड्या घोड्यापेक्षा मोठ्या संकटात असतो. खांद्यावर झूल घासून केस गेले आहेत का तेही बोटांना लागतं. हे सगळं होईपर्यंत माझ्या उघड्या हाताचं काय होतं ते सोडून द्या.

पण गवत आणि झूल यांपेक्षा हिवाळ्यात जीव खातं ते पाणी. घोड्याला दिवसाला पंचवीस ते चाळीस लिटर पाणी लागतं. उन्हाळ्यात हिरव्या गवतातूनच बरंचसं पोटात जातं. वाळल्या गवतात पाण्याचा अंश जेमतेम दहा-पंधरा टक्के. म्हणजे नेमकं तहान वाढते तेव्हाच बाहेरचं पाणी गोठतं. बर्फ खातील की, असं लोक म्हणतात. खातात, पण वाटीभर पाण्यासाठी पातेलंभर बर्फ लागतो आणि तो पोटात वितळवायला पुन्हा उष्णता. कोरडं गवत पोटभर आणि पाणी कमी, असं झालं की आतड्यात गोळा अडकतो. घोड्याला ओकता येत नाही, त्यामुळे पोटशूळ उठला की पुढचं सगळं डॉक्टरच्या गाडीवर अवलंबून, आणि त्या हवेत डॉक्टरची गाडीही वेळेवर पोचेल असं नाही. आजोबांची लिदेची चौकशी मी इथे रोज सकाळी करते. लेंड्या लहान, कडक, चकचकीत दिसल्या की टाकीकडे जाऊन बघायचं.

अंगणात एक नळ आहे, दिसायला साधा लोखंडी खांब. त्याची चावी वर असली तरी पाणी अडवणारी झडप जमिनीखाली दोन-अडीच मीटरवर, जिथे गोठण पोचत नाही तिथे आहे. दांडा वर केला की पाणी खालून वर येतं. खाली केला की खांबात उरलेलं पाणी तळाच्या भोकातून जमिनीत झिरपून जातं आणि खांब रिकामा होतो. अट एकच: नळी काढून ठेवायची. नळी लावलेली राहिली तर हवा शिरत नाही, पाणी उतरत नाही, आणि सकाळी खांबात बर्फाची कांडी उभी असते. म्हणून काळोखात, बॅटरीच्या उजेडात, मोज्यांच्या हातांनी नळी सोडवायची, तिचं एक टोक खांद्यावर घेऊन चालत जायचं म्हणजे आतलं पाणी पुढे पुढे सांडत जातं, आणि मग ती घरात आणून टांगायची. आमच्या बाथरूममध्ये पाहुण्यांना जी हिरवी नळी दिसते तिची ही हकीकत.

टाकीत तळाशी पंधराशे वॉटचा हीटर असतो. तो पाणी गरम करत नाही, गोठू देत नाही इतकंच. एकदा रोझी टाकीपाशी जायची, मान पुढे करायची, पाण्याला नाक लागलं न लागलं की मागे सरायची. दुसऱ्या बाजूने यायची, पुन्हा तेच. बडी तर दुरूनच बघत उभा. मी पाण्यात बोट घातलं, मला काहीच जाणवलं नाही. मी रबरी बुटांत होते. घोड्याचं ओलं नाक पाण्यात आणि चार खूर ओल्या जमिनीवर. आपल्याला कळणार नाही इतका बारीकसा विजेचा झटकाही त्याला पुरेसा लागतो. नवऱ्याने मीटर लावून बघितलं, हीटरच्या वायरीतून वीज झिरपत होती. नवा हीटर आणि नीट केलेलं अर्थिंग झाल्यावर रोझी एका दमात एवढं प्यायली की तिच्या गळ्यातून उतरणारे घोट मी मोजू शकले असते.

हा हीटर आमच्या घरात एका रात्री चर्चेचा विषय झाला. जानेवारी २०२४ची ती कडाक्याची लाट. आमच्या अंगणातला काटा उणे अडतीसवर. नाकातले केस पहिल्याच श्वासाला गोठायचे, कुंपणाच्या साखळीची कडी उघडायला आधी ती मोज्यात धरून बसावं लागायचं. रोझीच्या पापण्यांवर आणि हनुवटीच्या केसांवर पांढरा दहिवर. १३ तारीख, शनिवार. दुसऱ्या दिवशी भोगी. मी तीळ भाजायला घेतले होते आणि संध्याकाळी पावणेसातच्या सुमाराला घरातले सगळे फोन एकदम किंचाळले. प्रांताची आणीबाणीची सूचना होती: विजेचा साठा अपुरा आहे, ताबडतोब फक्त अत्यावश्यक गरजेपुरती वीज वापरा. नाहीतर भागाभागाने वीज तोडावी लागेल.

आमची शेगडी विजेची. ती बंद केली, तीळ कढईतच राहिले. दिवे घालवले, टीव्ही, भांडी धुण्याचं मशीन, सगळं बंद. गाडीच्या इंजिनाला रात्रभर गरम ठेवणाऱ्या ब्लॉक हीटरचा प्लग नवऱ्याने काढला. आणि मग आम्ही दोघं खिडकीतून टाकीकडे बघत राहिलो. पंधराशे वॉट म्हणजे शेगडीच्या एका चुलीएवढे. अत्यावश्यक कुणाची गरज, याचा त्या सूचनेत उल्लेख नव्हता. नवरा म्हणाला, तासभर बंद ठेवलं तर पाणी लगेच गोठणार नाही, तीनशे-साडेतीनशे लिटर आहे. हिशोब बरोबर होता. मी म्हटलं, आणि तासाभरात वीजच गेली तर? तर निदान आत्ताचं पाणी जितकं कोमट असेल तितकं बरं. त्यावर त्याने बाहेर जाऊन टाकीवर थर्माकोलचा पत्रा आणि जुनं घोंगडं घातलं, पिण्यापुरतं तोंड उघडं ठेवलं, आणि हीटर तासभर काढला. नंतर बातम्यांत आलं की सूचना गेल्यावर काही मिनिटांत प्रांताचा विजेचा वापर सुमारे दीडशे मेगावॅटने उतरला. त्यात आमचे दीड किलोवॅट होते. वीज कुणाचीही गेली नाही. तीळ मी नंतर भाजले; एका बाजूने जरा जास्तच झाले.

त्या रात्री झोपण्यापूर्वी शेवटचा फेरा मारायला गेले. दोघंही शेडमध्ये नव्हती. तीन बाजूंनी बंद, पूर्वेकडे उघडी अशी चांगली शेड आहे, आत कोरडा पेंढा आहे, आणि ती दोघं शेडच्या आडोशाला, पण बाहेर, गवताच्या जाळीपाशी उभी होती. वारा पडला होता. वारा नसेल तर त्यांना छपराची गरज वाटत नाही. आणि छपराखाली कोंडणं हा माझ्या मते हिवाळ्यातला सर्वांत वाईट लाड आहे. इथे काही हौशी लोक पागेची दारं-खिडक्या बंद करून आत हीटर लावतात. आत शिरलं की डोळ्यांना मुताच्या अमोनियाची झळ लागते. तीच हवा घोडा रात्रभर छातीत घेतो आणि मग खोकतो. पागा गार आणि मोकळ्या हवेची असावी. उबदार आणि कोंदट नसावी. माणसाला आत जॅकेट काढावंसं वाटलं तर समजावं की घोड्यासाठी ती फार गरम आहे.

इथल्या हिवाळ्यात मला खरी धास्ती वाटते ती थंडी मोडल्यावर. प्रशांत महासागरावरून येणारा ओला वारा रॉकीच्या पश्चिमेला आपलं पाणी टाकतो आणि या बाजूला खाली उतरताना दाबला जाऊन तापतो. हा शिनूक. पश्चिमेच्या आकाशात ढगांची लांबलचक कमान दिसते आणि काही तासांत पारा वीस-वीस अंशांनी चढतो. शहरातली माणसं टी-शर्टवर फिरतात, फोटो टाकतात. आमच्या अंगणात बर्फाचं पाणी होतं, पाण्याची डबकी होतात, आणि रात्री वारा पडला की सगळ्याची काच होते. पाचशे किलोचं जनावर काचेवर. पाय फाकले आणि मांडीचा स्नायू फाटला की संपलं.

मीठ टाकून चालत नाही, घोडी ते चाटतात. वाळू पसरतो. ती संपली की पागेतली ताजी, ओली लीद पातळ पसरतो. ती बर्फावर गोठून बसते आणि टापेला पकड मिळते. याहून चांगला उपाय मला अजून सापडलेला नाही, आणि फुकटचा आहे. पाहुण्यांना मात्र आम्ही अंगणभर लीद का पसरून ठेवली आहे हे समजावून सांगावं लागतं. ओला बर्फ खुराच्या तळाच्या खोलगट भागात गच्च भरून गोळा होतो आणि घोडी उंच टाचांचे बूट घातल्यासारखी डुगडुगत चालते. दोघांचे नाल हिवाळ्यात काढून टाकतो, त्याने गोळे कमी होतात. तरी आकडी घेऊन पाय उचलून खणावंच लागतं. बडीचा मागचा पाय उचलला की तो आपलं निम्मं वजन माझ्यावर टाकतो. वयाचा मान म्हणून मी बोलत नाही.

दत्तजयंतीच्या सुमारास चुलतभाऊ सारंगखेड्याच्या घोडेबाजारातले व्हिडिओ पाठवतो. तापीच्या काठी, उन्हात चकाकणारे, अंगावर मखमल नि गोंडे, पंचकल्याणी, अबलख, ढोल वाजला की नाचणारे घोडे. त्यांच्या कातडीवरून हात फिरवला तर आरशावरून फिरवल्यासारखं वाटेल. मी उलट रोझीचा फोटो पाठवते: केसाळ, हनुवटीला दाढी, पाठीवर बर्फ. तो विचारतो, हे अस्वल कुठून आणलंस?

फेब्रुवारी सरता सरता, बाहेर उणे पंधरा असतानाच, हे अस्वल केस गाळायला लागतं. उजेड वाढला हे तिच्या कातडीला कळलेलं असतं, हवामान खात्याशी तिला कर्तव्य नाही. खरारा फिरवला की मूठ-मूठ केस येतात, वाऱ्याने उडून कुंपणाच्या तारेला लागतात, माझ्या टोपीत, चहात, पोळीच्या कणकेत सापडतात. पक्षी तारेवरचे वेचून नेतात. बडीचे गळायला आणखी महिना लागतो, आणि त्याची झूल तर एप्रिल संपेपर्यंत मी काढत नाही, कारण इथे मे महिन्यातही बर्फ पडतो. काढली की ती धुवायला कुठे द्यायची हा प्रश्न उरतो. घोड्यांच्या झुली धुणारं एक दुकान तासाभराच्या अंतरावर आहे, पण त्यांची यादी जूनपर्यंत भरलेली असते. घरच्या मशीनमध्ये टाकायची नाही, असं नवऱ्याने मला लेखी दिलं आहे. ते मशीनच्याच झाकणावर चिकटवलेलं आहे.